रॅम आधी, प्रोसेसर शेवटी: नव्या पीसीची नोंदवही

जून २०२५

सध्याचं मशीन: आय५ ६५०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. कुरकुरत का होईना, चालतंय. पण विंडोज ११ या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय. म्हणजे मुहूर्त बाहेरूनच ठरून आलाय.

काम काय, तर रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि शनिवार-रविवारी गेम. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर जुनेच ठेवणार. बाकीच्याला पन्नास-पंचावन्न हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम५, कारण २०२७ आणि त्यानंतरही त्यावर प्रोसेसर येत राहतील असं ते बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलंय. इंटेलचा २६५के प्रोसेसर बराच उतरलाय, मोह होतो, पण त्या सॉकेटला पुढे फारसं काही दिसत नाही. विषय बंद.

प्रोसेसर दोघांपैकी एक: रायझन ५ ७६०० किंवा ९६००एक्स. दोन्ही सहा कोअरचे. आता खरा खेळ, घ्यायचा कधी?

जुलै

भावाच्या उताराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण "थांब, अजून उतरेल" हा सल्ला सगळे देतात. का आणि कधी उतरेल ते कोणी सांगत नाही.

प्रोसेसरचा भाव रोज थोडा थोडा घसरत नाही, तो पायऱ्यांनी उतरतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंटेलच्या कोअर २ क्वाड क्यू६६००चं. जानेवारी २००७मध्ये ८५१ डॉलर, एप्रिलमध्ये ५३०, आणि २२ जुलैला थेट २६६. त्या काळी इंटेलच्या कपातीच्या तारखा आधीच फुटायच्या. आम्ही इंजिनिअरिंगची पोरं जुलै उजाडायची वाट बघत बसलेलो, आणि लॅमिंग्टन रोडचे दुकानदार जुना माल संपवायच्या घाईत "मॅडम, आज ले लो, कल नहीं मिलेगा" म्हणत होते. त्यांना तारीख आमच्याइतकीच पाठ होती.

हल्ली अशी जाहीर कपात क्वचित होते. तरी २०२२चं उदाहरण बघा. एएमडीचा ७६००एक्स २७ सप्टेंबरला २९९ डॉलरला आला. २० ऑक्टोबरला इंटेलची तेरावी पिढी आली आणि नोव्हेंबरात तोच ७६००एक्स २४९ला. त्यात इंटेलची भीती होती, पण एवढंच कारण नव्हतं. तेव्हा एएम५चे बोर्ड आणि डीडीआर५ रॅम इतकी महाग होती की लोक सरळ एएम४कडे, म्हणजे डीडीआर४ रॅम चालणाऱ्या आधीच्या सॉकेटकडे, वळत होते. म्हणजे प्रोसेसर उतरला, तो बाकीचं सामान महाग म्हणून. हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. पुढे जानेवारी २०२३मध्ये साधा ७६०० आला, २२९ डॉलर, डब्यात कूलरसकट.

आणि उलटं उदाहरण एएमडीच्याच ७८००एक्स३डीचं. ४४९ डॉलरला आलेला हा चिप २०२४च्या उन्हाळ्यात साडेतीनशेच्याही खाली गेला होता. ९८००एक्स३डी येणार म्हटल्यावर लोकांनी ठरवलं, नवा आला की हा अजून पडेल. झालं भलतंच. जुन्याचा साठा आटला आणि भाव चढून मूळ किमतीच्या आसपास जाऊन बसला. कंपनी जुना चिप बनवायचं थांबवते किंवा कमी करते तेव्हा दुकानात उरलेला माल स्वस्त व्हायलाच हवा असं काही नाही. ज्याला अजून मागणी आहे तो महागच होतो. जुन्या एएम४वाल्यांना ५८००एक्स३डीच्या बाबतीत हेच भोगावं लागतंय.

आपल्याकडे यात रुपयाचीही भर. माझा ढोबळ हिशेब असा: अमेरिकेतला चालू भाव गुणिले विनिमय दर, गुणिले १.१८ (तिकडच्या किमतीत कर धरलेला नसतो, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी). १८० डॉलरचा चिप ८८च्या दराने १५,८४०, जीएसटीसह १८,६९१. पुण्यातलं कोटेशन यापेक्षा फार वर असेल तर दुकानदार जुन्या भावाने भरलेला माल खपवतोय, आणि फार खाली असेल तर तो ट्रेमधला (डब्याशिवाय सुटा) चिप आहे का, वॉरंटी कंपनीची की दुकानाची, हे आधी विचारा. डब्यातल्याला तीन वर्षं कंपनीची असते.

ऑगस्ट

रॅम घेतली. ३२ जीबी, १६च्या दोन कांड्या, डीडीआर५ ६०००, सीएल३० (रॅमला लागणाऱ्या उशिराचा आकडा, कमी तितका बरा). साडेनऊ हजार. सोबत एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी.

प्रोसेसर नाही, बोर्ड नाही आणि रॅम घेऊन बसलीस, म्हणून मित्रमंडळींनी यथेच्छ चेष्टा केली. कारण सांगते. डीडीआर४चे भाव मे-जूनपासूनच चढायला लागलेत, कारण मोठ्या कंपन्या ते बनवणं आटोपतं घेत आहेत. मेमरी बनवणारे जगात मुख्य तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. तिघांचंही लक्ष एआयच्या कार्डांवरच्या एचबीएम मेमरीवर. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढीच साठवण एचबीएममध्ये बनवायला डीडीआर५च्या साधारण तिप्पट वेफर (चिप ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) लागतात. कारखाने तेच, वेफर तेच. आज ना उद्या ते आपल्या डीडीआर५वर येणार असं वाटतं.

समजा अंदाज चुकला. साडेनऊ हजारांची रॅम उतरून उतरून किती उतरेल? हजार रुपये. चढली तर मात्र किती चढेल याला धरबंध नाही. प्रोसेसरचं नेमकं उलटं आहे. दोन पिढ्या दुकानात, स्पर्धा तापलेली, साठा भरपूर. तो थांबला तरी पळून जात नाही.

नुसती रॅम घेऊन ठेवण्यात एकच धोका, खराब निघाली तर बदलून द्यायची मुदत टळून गेलेली असते. म्हणून एका मित्राच्या एएम५ मशीनमध्ये दोन्ही कांड्या लावून रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवली. एकही एरर नाही. पाकिटात परत.

सप्टेंबर

बाजार थंड. ३ तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू २२पासून, आणि मध्ये पितृपंधरवडा. आई म्हणाली, "आत्ता काही नवीन आणू नकोस गं घरात." आणि इथे पंचांग व जीएसटी कौन्सिल यांचं चक्क एकमत झालं होतं: पंधरवडा २१ला संपणार, नवे दर २२ला, त्याच दिवशी घटस्थापना.

पण ज्यांना वाटत होतं की प्रोसेसर स्वस्त होणार, त्यांनी यादी नीट वाचली नव्हती. ३२ इंचांवरचे मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८वर आले. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आधीपासूनच १८ टक्क्यांत होते, तिथेच राहिले. तरी टिळक रोडवरच्या एका दुकानात "जीएसटी कट स्पेशल" म्हणून प्रोसेसरच्या डब्यांवर फलक लावलेला पाहिला. कौतुक वाटलं.

ऑक्टोबर

२३ सप्टेंबरला ऑनलाइन सेल सुरू झाले तेव्हापासून दसरा-दिवाळीपर्यंत भाव टिपत होते. वरवरचा भाव आणि बँकेच्या कार्डाची सूट गेल्यावरचा भाव असे दोन रकाने ठेवा, नाहीतर गोंधळ उडतो. सेलआधी भाव थोडा फुगवून मग "सूट" देण्याचा प्रकार याही वेळी झाला. जुलैपासूनच्या नोंदी असल्यामुळे लगेच लक्षात आला.

७६०० आणि ९६००एक्स यांच्यातलं अंतर कमी होतंय. ७६०० काही खाली यायचं नाव घेत नाही, त्याच्या जागी ७५००एफ खपतोय. पण ९६००एक्सच्या डब्यात कूलर नसतो, ७६००च्या असतो. म्हणजे तुलना करताना ९६००एक्समध्ये बऱ्यापैकी एअर कूलरचे दोन हजार मिळवायचे. ७५००एफला इनबिल्ट ग्राफिक्स नाही, आणि माझं जुनं कार्ड कधी डोळे मिटेल सांगता येत नाही, म्हणून तो बाद.

बोर्ड सेलमध्ये घेतला, बी६५०एम, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट, बारा हजारांच्या आत. त्यापुढचा बी८५० घ्यायचं काही कारण दिसलं नाही. एकच अट पाळली: मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवं, म्हणजे बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून नवा करता येतो. बी६५०चे बोर्ड २०२२पासूनचे. जुना बायोस असला तर ९०००च्या मालिकेतला चिप लावून पडदा काळाच राहतो, आणि मग दुकानात हेलपाटे. हे बटण असलं की प्रोसेसर आणि रॅम नसतानाही काम होतं. डायनिंग टेबलवर बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला, पॉवर सप्लायच्या २४ पिन आणि ८ पिन जोडल्या, एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल कंपनीने सांगितलेल्या नावाने टाकली, नेमून दिलेल्या पोर्टात लावली, बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. तो आपोआप थांबेपर्यंत हात लावायचा नाही, आणि घरात कोणाला मिक्सर लावू द्यायचा नाही.

बाय द वे, याच महिन्यात रॅमची कोटेशनं हलायला लागली. गेल्या आठवड्यातला भाव या आठवड्यात कोणी देत नाही.

नोव्हेंबर

प्रोसेसर घेतला. ९६००एक्स, डबा सीलबंद, जीएसटी बिलासह, वीस हजारांच्या थोडं आत.

हाच चिप ऑगस्ट २०२४मध्ये २७९ डॉलरला आला होता. आता तिकडे दोनशेच्या खाली मिळतो, आणि माझ्या सूत्राने हिशेब केला तर पुण्यातला भाव बरोबर बसतो. अजून थांबले असते तर? हजार-पाचशे कदाचित. पण रुपया घसरतोय, त्यामुळे डॉलरमध्ये उतरलेलं इथे पोचेपर्यंत गळून जातं.

दुकानातला संवाद नोंदवून ठेवण्यासारखा. आधी "मुलासाठी घेताय का?" मग मी प्रोसेसरच्या १०५ वॉटच्या (जास्त वीज, जास्त वेग) मोडबद्दल विचारल्यावर स्वर बदलला. रॅमचं विचारलं तर काका हसले. "मॅडम, सकाळचा भाव वेगळा, संध्याकाळचा वेगळा. कांद्यासारखं झालंय. कोटेशन लिहून मागू नका, पैसे टाका, मग धरून ठेवतो." माझ्याकडे रॅम आहे म्हटल्यावर त्यांनी कितीला घेतली विचारलं. आकडा ऐकून म्हणाले, "विकायची आहे का?"

जोडणी निवांत झाली. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काळा. इथे नवशिके घाबरून बटण दाबून बंद करतात. डीडीआर५ पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग (बोर्डाशी रॅमची जुळवणी) करतं, काही मिनिटं जातात, चहा करून या. मग बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग देणारी सेटिंग) चालू करायचं, नाहीतर ६०००ची रॅम ४८००नेच पळत राहते आणि पैसे पाण्यात. दर वेळी सुरू होताना वेळ लागत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधीची जुळवणी लक्षात ठेवणारी सेटिंग) चालू करून बघा. माझ्या बोर्डावर फरक ताबडतोब दिसला.

डिसेंबर

३ तारखेला मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करणार, माल फेब्रुवारीअखेरपर्यंत जाईल तेवढा. त्याच सुमारास रुपयाने डॉलरमागे ९०चा आकडा ओलांडला. माझ्या साडेनऊ हजारांच्या किटचं कोटेशन तीस हजारांच्या पुढे गेलंय. प्रोसेसरवर दोन-तीन हजार वाचवायला जे जूनपासून थांबलेत, त्यांचा हिशेब सांगायची गरज नाही.

बरेच जण विचारताहेत, आता काय करू? आज घ्यायला निघालेल्याला मी प्रोसेसरचा भाव बघायलाच सांगत नाही. आधी रॅमची सोय बघा. डीडीआर४ घरात असेल आणि बोर्ड एएम४चा असेल तर त्याच बोर्डावर आठ कोअरचा ५७००एक्स टाकून दोन वर्षं काढणं शहाणपणाचं. एएम५वरच जायचं असेल तर सध्या १६ जीबीची एकच कांडी घ्या, दुसरा स्लॉट रिकामा ठेवा. फ्रेम रेट थोडे पडतील, पडू देत. रॅमसकट कॉम्बो मिळत असेल तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्हींची बेरीज करून बघा, कारण दुकानदार सूट प्रोसेसरवर दाखवतो आणि रॅमवर काढून घेतो. आणि माझा अंदाज आहे की रॅम अशीच राहिली तर प्रोसेसर आणि बोर्ड आणखी उतरतील, २०२२मध्ये प्रोसेसर उतरला तसेच. रॅम हातात असणाऱ्यांची चांदी.

जुन्या मशीनमधली १६ जीबी डीडीआर४ विकली. जूनमध्ये जिला कोणी विचारत नव्हतं, तिच्यासाठी जाहिरात टाकल्याच्या संध्याकाळी माणूस दारात. आलेल्या पैशांत कूलरचा खर्च निघून वर काही उरले.

जानेवारी २०२६

किरकोळ प्रगती. ६५ वॉटवर फोटोंची एक्स्पोर्ट जुन्या मशीनच्या कैकपट वेगाने होते. १०५ वॉटचा मोड लावून पाहिला, फायदा थोडा, पंख्याचा आवाज जास्त, म्हणून परत ६५वर. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) उणे २०वर स्थिर आहे, उणे ३०वर रात्रीत एकदा रीस्टार्ट झालं.

आता अडकलंय ते ग्राफिक्स कार्डवर. पास्कल पिढीचे (माझं १०६० त्यातलंच) गेम ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबरात थांबवले, यापुढे २०२८पर्यंत नुसत्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. आणि कार्डांवरही मेमरीच असते, तीही त्याच तीन कंपन्यांची. १६ जीबीच्या कार्डांचे भाव टिपायला सुरुवात केलीय. ८ जीबीचं सेकंडहँड कोणाकडे असेल, पुणे-पिंपरी भागात, बिलासकट, मायनिंग न केलेलं, तर कळवा.