तुम्ही विचारलंत म्हणून : ज्युरीनं सोडलं, मग जन्मठेप कशी?

वकील आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "काय हो, त्या नानावटीला ज्युरीनं सोडलं होतं ना? मग शिक्षा कशी झाली?" मी आधी ताटातली जिलेबी संपवतो, कारण उत्तर लांबतं.

27 एप्रिल 1959. नौदलातला कमांडर कावस नानावटी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेऊन प्रेम आहुजाच्या फ्लॅटवर गेला. सिल्व्हियानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच दिवशी आहुजाशी संबंध असल्याचं कबूल केलं होतं. तीन गोळ्या, आहुजा ठार. मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीचा, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाचा, कौल पडला 8 विरुद्ध 1, निर्दोष.

ज्युरी वर्तमानपत्रांना भुलली, असं लोक म्हणतात. भुलली असेलही. पण तेवढ्यावर हायकोर्टाला कौल फिरवता येत नव्हता. सेशन्स जज मेहतांना कौल पटला नाही, म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. गंमत पुढेच आहे. हायकोर्टानं बोट ठेवलं ते मेहतांच्याच बोलण्यावर! ज्युरी विचाराला बसण्याआधी जज तिला कायदा समजावून सांगे. झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या, हा नानावटीचा बचाव. मग अपघात दाखवायचा भार त्याच्यावर येतो. नेमकं हेच ज्युरीला नीट सांगितलं गेलं नव्हतं. ज्युरी कारणं देतच नसे, तेव्हा दिशाभूल शोधायची ती जजच्या शब्दांत.

एकदा ती सापडली की हायकोर्ट सगळा पुरावा स्वतः तपासू शकत असे. आणि त्या पुराव्यात टॉवेल होता. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. म्हणे दोघांची जोरदार झटापट झाली, तीन गोळ्या सुटल्या, माणूस कोसळला, आणि टॉवेल जागच्या जागी! तिथे बचाव मोडला, असं माझं मत. हायकोर्टानं नानावटीला खुनाबद्दल जन्मठेप दिली, आणि 24 नोव्हेंबर 1961ला सुप्रीम कोर्टानंही ती कायम केली.

"म्हणजे चूक जजची आणि शिक्षा नानावटीला?" मागच्या महिन्यात एका काकांनी विचारलं. नाही हो काका. जजच्या चुकीनं फक्त फाइल उघडली, शिक्षा झाली ती आतल्या पुराव्यावर. पुढे 1964मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. ती का दिली, हे मात्र मला कोर्टाच्या कागदांवरून सांगता येणार नाही. मठ्ठा घ्या.