सोलापुरात तोड्याची बंदूक शोधताना

आमच्या बार्शीच्या तालमीचा शिवजयंतीला दरवर्षी देखावा असतो. यंदा मावळ्यांच्या हातात ढाल-तलवारीबरोबर तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायची बंदूकही द्यायची ठरलं आणि ती आणायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटेची एसटी धरून सोलापूर गाठलं. दोन दिवस फिरलो. कुणाला अशी खरेदी करायची असेल तर आधी एकच सांगतो: दुकानाची पायरी चढण्याआधी अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहून या.

मी नेमकं उलटं केलं. स्टँडवरून थेट नाटकाचे पोशाख, फेटे, तलवारी ठेवणारं एक दुकान गाठलं. मालकांनी भिंतीवरून लांबलचक बंदूक उतरवून हातात दिली. ‘अस्सल शिवकालीन आहे, घेऊन टाका.’ दिसायला देखणी, नळीवर तांबूस गंज, दस्त्यावर पितळी फुलं. घोड्याखालच्या पट्टीवर मात्र मुकुट आणि इंग्रजीत ‘टॉवर’ कोरलेलं. हा शिक्का ब्रिटिश फौजेच्या बंदुकांवर असायचा. शिवाय घोडा टोपीवर, म्हणजे आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर आपटणारा. टोपीच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातल्या, आणि महाराज गेले १६८० साली. स्क्रू पाहिले तर फुलीच्या खाचेचे. ते जगात आले १९३० च्या दशकात. नळीच्या तोंडात बोट फिरवलं तर आतलं पोलाद नवंकोरं, गंज फक्त वरवर चढवलेला. भाव सांगितला नऊ हजार. नमस्कार करून बाहेर पडलो.

अक्कलकोट सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर, एसटी भरपूर. स्वामींचं दर्शन घेऊन भोसले घराण्याच्या राजवाड्यातलं शस्त्रागार पाहिलं. उघडं असण्याची वेळ आधी विचारून जा आणि निदान दोन तास हाताशी ठेवा. तिथं बंदुकांसमोर उभं राहिलं की डोळा तयार होतो. तोड्याची बंदूक सडपातळ असते, दस्ता जवळजवळ सरळ, इंग्रजी बंदुकीसारखा रुंद होत गेलेला नसतो. नळी दस्त्याला तारेनं किंवा पट्ट्यांनी आवळलेली. उजव्या बाजूला कानाशी, म्हणजे नळीत आग जायच्या बारीक भोकाशी, रंजक (पेटवायची बारीक दारू) ठेवायची छोटी वाटी, तिला सरकतं झाकण. चाप ओढला की जळता तोडा धरलेला चिमटा त्या वाटीत टेकतो, रंजक पेटते आणि कानातून आग आत जाऊन बार उडतो. चकमकीचा दगड नाही, टोपी नाही. शिवकाळ दाखवायचा तर हीच बंदूक हवी. आपण पोरांसमोर इतिहास मांडतो, त्यात दोनशे वर्षांची गल्लत मला चालत नाही.

रविवारी सकाळी भुईकोट किल्ल्यात गेलो. तटातल्या जंगीला, म्हणजे बंदूक रोखायच्या भोकाला, डोळा लावून पाहा: आतून रुंद, बाहेरून अरुंद, आणि नळी किती लांब लागत असेल याचा अंदाज लगेच येतो. मे १८१८ मध्ये पेशव्यांच्या फौजेनं जनरल मन्रोच्या इंग्रज फौजेशी झुंज दिली ती इथंच.

त्याच दुपारी ओळखीतल्या एका काकांनी घरातली पणजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक दाखवली. ‘ने की, देखाव्याला शोभेल.’ मोह झाला. पण अशी जुनी बंदूक हातात आली तर आधी तोंड माणसांपासून दूर धरा. मग गज (दारू ठासायची सळई) नळीत अलगद सोडा, तोंडापाशी बोटानं खूण धरा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. गज कानापर्यंत पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत जुना बार भरलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. अशा वेळी खोदाखोदी न करता पोलिसांना कळवायचं.

काकांची नळी रिकामी निघाली, पण कान मोकळा आणि घोडा चालू. म्हणजे ती उडू शकते, आणि उडू शकणारी ठासणीची बंदूक बाळगायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो. त्याच कायद्याच्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही न उडणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. ‘जुनी आहे, चालतं’ हे विकणाऱ्याचं म्हणणं ऐकू नका. काकांनाही सांगितलं की कागद नसतील तर चौकशी करून घ्या. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर जिल्हाधिकारी कार्यालय. काका थोडे नाराज झाले, पण बंदूक मी घेतली नाही.

शेवटी हवी तशी वस्तू मिळाली एका सुताराकडे. सागवानी दस्ता, लोखंडी पाइपची नळी आतून भरीव गज ठोकून बुजवलेली, कान पाडलेलाच नाही. चिमटा मात्र चापाबरोबर खरोखर हलतो. चार हजार दोनशेला एक, दोन घेतल्या. तोंडाशी बॅटरीचा उजेड पाडून नळी बंद असल्याची खात्री केली आणि पावतीवर ‘सजावटीची प्रतिकृती, नळी बंद’ असं लिहून घेतलं. तुम्हीही घ्याच. देखाव्याच्या परवानगीच्या अर्जात या दोन्ही प्रतिकृतींचा उल्लेख केला आणि पोलीस ठाण्यात नेऊन दाखवल्या.

परत येताना दोन्ही बंदुका सोलापुरी चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधल्या, पावती वरच्या खिशात ठेवली. कंडक्टरनं विचारलं तेव्हा चादर सोडून दाखवली. त्यांनी चिमटा दोनदा हलवून पाहिला आणि मागच्या सीटखाली जागा करून दिली.