मासे नंतर आणा, आधी पाणी मुरू द्या

टेरेसवर अ‍ॅक्वापॉनिक्स करायचंय, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी खडीच्या बेडमधून फिरवून त्यावरच भाजी वाढवायचीय, म्हणून जे कोणी विचारायला येतं त्याचा पहिला प्रश्न हमखास असतो, मासे कुठले आणू, चिलापी की रूपचंद की कोई. माझं उत्तर ठरलेलं आहे, महिना दीड महिना कुठलेच नको. टाकी, पंप, खडीचा बेड सगळं जोडायचं, पाणी फिरतं ठेवायचं आणि त्यात बॅक्टेरिया बसू द्यायचे. याला सायकलिंग म्हणतात, आणि नेमका हाच भाग सगळ्यांना नको असतो कारण दिसायला काहीच घडत नाही, नुसतं पाणी गोल गोल फिरतंय आणि वर लाईटबिल.

आत काय चाललेलं असतं तर माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य कुजलं की अजून येतो, आणि तो माशांनाच विष. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते झाडं खातात. आता हे काही विरजण नाही की रात्री लावलं आणि सकाळी दही, हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. पाणी २५ ते ३० डिग्री असेल तर चार ते सहा आठवडे धरा, पुण्यात डिसेंबरात सुरू केलंत तर त्याहून जास्त. कोणाकडे जुनं अ‍ॅक्वेरियम असेल तर त्याच्या फिल्टरमधला घाणेरडा स्पंज मागून आणा, बराच वेळ वाचतो. बाटलीतल्या महागड्या बॅक्टेरियापेक्षा माझा त्या स्पंजवर जास्त भरवसा.

मग मासे नसताना अमोनिया आणायचा कुठून? बरेच जण सांगतात मूठभर युरिया टाका. शेतीचा युरिया टाकू नका हो. २०१५ पासून आपल्याकडे शेतीचा युरिया निमकोटेडच येतो, आणि कडुनिंब लावण्यामागचा हेतूच हा की जमिनीतल्या याच बॅक्टेरियांचा वेग कमी व्हावा आणि नत्र पिकाला हळूहळू मिळत राहावं. शेतात चांगलंच आहे ते, पण आपल्याला तर तेच बॅक्टेरिया लवकर वाढायला हवेत ना.

मी नवसागर वापरतो, म्हणजे अमोनियम क्लोराईड. बोहरी आळीत मागितला तर दुकानदाराने वर बघून विचारलं, "कल्हई करता का दादा?" म्हटलं नाही, मासे पाळायचेत, तर त्याने काही न बोलता पुडी बांधून दिली. ३०० लिटरला दोन ग्रॅमच्या जवळपास टाकला की अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे २ मिलिग्रॅम) जातो, पण कल्हईचा माल काही एकदम शुद्ध नसतो त्यामुळे थोडा टाकून, तासभर पाणी फिरवून, टेस्ट करून मग पुढचा. ५ च्या वर नेऊ नका, नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया जास्त अमोनियात दबतात आणि गाडी तिथेच अडकते. अधूनमधून चिमूटभर माशांचं खाद्यही टाका, या मंडळींना थोडा फॉस्फरस लागतो आणि तो नवसागरात नसतो.

खडीबद्दल. आपल्याकडची काळी खडी बेडला मस्त, पण सह्याद्रीच्या दगडात भोकं असतात आणि त्यात पांढरे खडे भरलेले असतात, काही झिओलाइटचे, काही कॅल्साइटचे. मूठभर खडी धुऊन, वाळवून तिच्यावर व्हिनेगर ओता आणि कान जवळ नेऊन ऐका. पांढऱ्या ठिपक्यांवर बारीक फेस येऊन सूंसूं आवाज आला तर ते कॅल्साइट, ते पाण्यात विरघळत राहणार आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क याचा आकडा, वर धरून ठेवणार. एखाददुसऱ्या दगडावर आला तर सोडून द्या, सगळीकडे यायला लागला तर ती खडी कुंड्यांच्या तळाला वापरा.

आता पीएच. सगळे पीएचच्या मागे लागतात आणि माझं म्हणणं आहे की आधी केएच बघा, म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची अ‍ॅसिड पचवायची ताकद. अमोनियाचं नायट्रेट होताना अ‍ॅसिड तयार होतं, १ मिलिग्रॅम नत्रामागे साधारण ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. आमच्याकडे दोन पाणी आहेत, कॉर्पोरेशनचं खडकवासल्याचं, मऊ, आणि सोसायटीच्या बोअरचं, क्षाराचं. नुसतं नळाचं घेतलं तर सुरुवातीला सगळं छान चालतं, मग केएच संपतो आणि पीएच एकदम घसरतो, ६ च्या खाली गेला की बॅक्टेरिया काम जवळजवळ बंद करतात आणि आपण विचार करत बसतो की अमोनिया परत का वाढला. नुसतं बोअरचं घेतलं तर पीएच ८ च्या वर चिकटून बसतो, लिंबू पिळा नाहीतर व्हिनेगर ओता, दोन दिवसात परत जागेवर. आणि बोअरचं पाणी ताजं मोजून फसू नका, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो म्हणून पीएच कमी दिसतो, रात्रभर एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून सकाळी मोजा, खरा आकडा तेव्हा कळतो.

केएचचं किट स्वस्त आहे. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, हलवायचं, पाणी आधी निळं होतं आणि मग एका थेंबाला पटकन पिवळं, तिथपर्यंत जेवढे थेंब लागले तेवढी केएचची डिग्री, एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम. मी चार-पाच थेंबांवर ठेवतो, त्यासाठी दोन्ही पाणी मिसळतो. नळाचं पाणी आधी दिवसभर एअर स्टोनवर ठेवायचं, क्लोरीन उडून जातो, नाहीतर इतके दिवस वाढवलेल्यांनाच मारायचात.

हळूहळू केएच उतरतोच. मग खायचा चुना, अगदी चिमूटभर, बादलीत कालवून आणि थोडा थोडा, कधी चुना तर कधी पोटॅशियम बायकार्बोनेट, म्हणजे झाडांना कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही मिळतं. पण हे अमोनिया शून्य असतानाच. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे तुम्ही चुना टाकून पाणी सुधारायला गेलात आणि तेवढ्याच अमोनियाने मासे गेले असं होऊ शकतं. पीएच ६.५ ते ७ च्या मध्ये ठेवला की मासे, बॅक्टेरिया, झाडं तिघंही कुरकुर करत का होईना राहतात.

सायकल झाली कधी म्हणायची, तर अमोनिया २ वर नेला आणि चोवीस तासांत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट मात्र वाढलेलं. मधला नायट्राइटचा टप्पा सगळ्यात रटाळ, टेस्टची ट्यूब रोज जांभळी ती जांभळीच, आणि मग एक दिवस सकाळी फिकट निळी. त्यानंतरही मासे थोडेच आणा, खाद्य थोडंच द्या. मासे आल्यावर नायट्राइट वर आलाच तर खाद्य बंद, थोडं पाणी बदला आणि लिटरला अर्धा ते एक ग्रॅम खडे मीठ, क्लोराईडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरतो. बेडमध्ये स्ट्रॉबेरी किंवा घेवडा असेल तर मिठाचा हात आखडताच ठेवा.

माशांच्या खाद्याचा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा) हिशोब पालेभाज्यांना बेडच्या चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम असा आहे, पण ते नीट बसलेल्या सिस्टिमला, नवीनला नाही. पालक, पुदिना सुरुवातीला लावा, टोमॅटोची हौस नंतर. आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडतंय, माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतं. कृषी केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, मागितलं की बहुतेक ईडीटीए या रसायनातलं हातात देतात, ते पीएच ६.५ च्या वर नीट टिकत नाही, डीटीपीए मागा, आणि पीएच वरच अडकलेला असेल तर ईडीडीएचए. त्याने पाणी चांगलं लाल होतं, घरचे घाबरून मासे मोजायला जातात, जाऊ देत.