तुम्ही विचारलंत म्हणून: जुना एम५० की नवा आर५०?

बारशाला गेले की पाळण्याशेजारी, डोहाळजेवणाला गेले की ओटी भरून झाल्यावर, आणि एकदा तर सासवडच्या बाजारात मेथीची जुडी हातात असताना मला हाच प्रश्न आला आहे. "काकू, कॅमेरा घ्यायचाय. तुमच्याकडे दोन्ही आहेत ना? मग जुना घेऊ की नवा?" दोन्ही म्हणजे कॅननचे एम५० आणि आर५०. मी स्टुडिओवाली नाही आणि माझं दुकानही नाही. ओळखीपाळखीतल्या कार्यांचे फोटो काढते, आषाढी वारीत माउलींची पालखी दिवेघाट चढून आमच्या गावात मुक्कामाला आली की घरात पाय ठरत नाही, एवढाच माझा अधिकार. पण दोन्ही कॅमेरे खरंच आहेत आणि दोन्ही वापरून वापरून गुळगुळीत झालेत. रस्त्यात उभ्या उभ्या "नवाच घे" म्हणून मी मोकळी होते आणि घरी आल्यावर वाटतं, अर्धंच सांगितलं. म्हणून आज सगळं.

एम५० आला २०१८ च्या फेब्रुवारीत, आर५० आला २०२३ च्या फेब्रुवारीत. दोघांत बरोबर पाच वर्षांचं अंतर. माझा एम५० भावाने न्यू जर्सीहून आणला. तिकडे तो किट लेन्ससह (म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच येणाऱ्या लेन्ससह) ८९९ डॉलरला निघाला होता आणि पाच वर्षांनी आर५० किट लेन्ससह ७९९ ला. म्हणजे नवा आला तो जुन्यापेक्षा स्वस्त. दोघांचंही वजन चारशे ग्रॅमच्या आत, दोघांनाही बाजूला उघडून फिरणारा टचस्क्रीन, डोळा लावून बघायला व्ह्यूफाइंडर, आणि माइक लावायला भोक. दोघांतही बॉडीच्या, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याच्या, आत हाताचा कंप सावरणारी सोय नाही. ते काम लेन्सने करायचं. लांबून पाहिलं तर सख्खे भाऊ.

फोटोतही तसेच. एकाचा सेन्सर (आतली चित्र टिपणारी चिप) २४.१ मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा २४.२. एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पुरणपोळीचं ताट मांडलं, माझी जुन्या डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, काळातली ५० एमएमची लेन्स आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर अडॅप्टरने लावली, आणि दोन्ही फोटो आठ बाय बारा छापून आणले. यजमानांना विचारलं, नवा कुठला? त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "पोळी कुठे आहे?" खरं सांगायचं तर मागे पेन्सिलीने खूण केली नसती तर मलाही ओळखता आलं नसतं. दिवसाउजेडी, एका जागी बसलेल्या माणसाचा किंवा ताटातल्या पोळीचा फोटो काढायला पाच वर्षांचा फरक जवळपास शून्य आहे. दुकानात हे कुणी सांगणार नाही.

मग फरक कुठे आहे? माणूस हलला की.

आमच्या शेजारच्या नातवाचा पहिला वाढदिवस होता. नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं मूल म्हणजे फोकसची परीक्षाच. ते कधी बसकण मारेल आणि कधी आजोबांच्या धोतराला लोंबकळेल, काही नेम नाही. एम५० ला डोळा ओळखता येतो, पण फोटोत, आणि तोही एकदाच फोकस करून थांबण्याच्या पद्धतीत. मूल चालायला लागलं की तो डोळ्याचा नाद सोडतो आणि चेहरा धरतो, आणि चेहरा वळला की कधीकधी मागचा फुगा. (२०२० मध्ये त्याचा मार्क टू आला, त्यात हे बरंच सुधारलं. सेकंड हँड घेताना नावापुढे 'मार्क टू' आहे का बघा, पैशांत फार फरक नसेल तर तोच घ्या.) आर५० एकदा डोळा धरला की चिकटून बसतो. मूल फिरलं तर डोकं धरतो, पुन्हा वळलं की पुन्हा डोळा. माणूस, कुत्रं, मांजर, पक्षी, गाडी हे त्याला आपोआप कळतं. पहिल्यांदा वापरताना मला थोडा रागच आला होता. इतकी वर्षं हाताला जी सवय लावली ती याने फुकटात करून दाखवली.

व्हिडिओत तर तुलनाच नको. एम५० च्या खोक्यावर '४के' (जास्त बारकाव्याचा व्हिडिओ) लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही, पण ४के लावलं की तो सेन्सरचा मधलाच तुकडा वापरतो, लहान सेन्सरमुळे आधीच झालेल्या १.६ पट कापणीवर आणखी १.६ पट कापून. एमएमचा आकडा जितका मोठा तितकी चौकट अरुंद; किट लेन्सचं १५ एमएमचं रुंद टोक मग, मोठ्या (फुल फ्रेम) सेन्सरच्या हिशेबाने, साधारण ३८ एमएमसारखं दिसायला लागतं. हॉलच्या भिंतीला पाठ टेकवूनही चौरंग आणि जोडपं एका चौकटीत येत नाही. त्यात ४के मध्ये त्याचा चांगला फोकस, ड्युअल पिक्सेल, बंद होतो. मग तो वीज गेल्यावर भिंतीवर बटण चाचपडणाऱ्या माणसासारखा पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. भाचीच्या केळवणात उखाण्याच्या ऐन वेळी त्याने असंच चाचपडलं. नाव ऐकू येतं, चेहरा धूसर. भाची अजून तो व्हिडिओ लावून हसते, मला हसू येत नाही. तेव्हापासून एम५० वर मी फक्त १०८० मध्ये, म्हणजे ४के च्या खालच्या दर्जात, शूट करते. तिथे तो अगदी शहाण्यासारखा वागतो. आर५० मात्र पूर्ण रुंदीचं ४के देतो, सेकंदाला ३० फ्रेम्सपर्यंत, फोकस न सोडता. साड्यांच्या किंवा स्वयंपाकाच्या रील्स करायच्या म्हणून विचारणाऱ्या मुलींना मी पुढचं काही ऐकवतच नाही. आर५०, विषय संपला.

आता नव्याच्या खोडी. त्याही मी भोगल्यात.

पहिली किट लेन्सची. जुन्याबरोबर १५-४५ येते, नव्याबरोबर १८-४५. तीन एमएम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पुण्यातल्या वन बीएचकेत पंचाहत्तरीच्या आजींभोवती सव्वीस माणसं उभी करून बघा. १५ वर सगळी बसली असती. १८ वर दोन्ही टोकांचे जावई अर्धे कापले गेले आणि मला गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जाऊन बसावं लागलं. शिवाय १८-४५ सुरुवातच एफ ४.५ पासून करते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). संध्याकाळी घरात ट्यूबलाइटवर ती लेन्स अगदी हिरमुसते.

दुसरी फ्लॅशची. एम५० च्या डोक्यावर साधा हॉट शू, म्हणजे फ्लॅश सरकवायची खाच, आहे. गावातल्या कुठल्याही स्टुडिओवाल्याचा पंधरा वर्षांपूर्वीचा फ्लॅश किंवा स्वस्तातला ट्रिगर सरकवा, चालतो. आर५० वर नवा मल्टिफंक्शन शू आहे आणि जुन्या फ्लॅशला लागणारे संपर्कबिंदू त्यात नाहीतच. त्यासाठी एडी-ई१ नावाचा तुकडा वेगळा घ्यावा लागतो. मला हे एका मुंजीत, बटू घोड्यावर बसल्यावर कळलं.

तिसरी ढोल पथकातल्या पोरांसाठी खास. आर५० सेकंदाला पंधरा फोटो काढतो हे खरं, पण ते इलेक्ट्रॉनिक शटरवर. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि वाचून होईपर्यंत टिपरू पुढे गेलेलं असतं. फोटोत लाकडाचं टिपरू केळ्यासारखं वाकडं दिसतं. हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली तर कधी आडवे पट्टेही येतात. शटर मोडमध्ये जाऊन इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन लावा. मग बारा फोटो मिळतात, पण टिपरू सरळ राहतं. आणि रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर बोट दाबून धरू नका, थोड्याच फ्रेम्समध्ये त्याला धाप लागते.

बॅटरीत नवा जिंकतो. एम५० ची एलपी-ई१२ इवलीशी. कंपनीच्याच हिशेबाने २३५ फोटो. चार्जिंगला काढून चार्जरलाच लावावी लागते. आर५० मध्ये एलपी-ई१७, आणि यूएसबी-सी वायरने कॅमेऱ्यातच चार्ज होते. वारीत ज्यांनी चार्जिंगसाठी रसवंतीवाल्याची मनधरणी केली आहे त्यांना याची किंमत कळेल.

धुळीपुढे दोघेही सारखेच. सोमवतीला जेजुरी गडावर भंडाऱ्याची उधळण चालू असताना मी पदराआड लेन्स बदलली. पदर म्हणजे तंबू नव्हे. जुन्या डीएसएलआरला लेन्स काढली तरी समोर आरसा तरी असतो. या दोघांत सेन्सर सरळ उघडा, बंद केला तरी पडदा पडत नाही. पुढचे कित्येक दिवस माझ्या प्रत्येक आभाळात डाग होते. खंडोबाचा प्रसाद म्हणून ठेवून घ्यावेत असंही मनात आलं, पण शेवटी सेन्सर साफ करून आणला. गडावर जाताना एकच लेन्स लावून जा, मग कॅमेरा कुठलाही असो.

आता खरा मुद्दा, जो विचारणारा कधीच विचारत नाही. कॅमेरा घेताना तुम्ही बॉडी घेत नसता, माउंट (लेन्स अडकवायची खोबण) घेत असता. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स पंधरा वर्षं चालते. एम५० चा माउंट ईएफ-एम. तो २०१२ मध्ये निघाला, आणि २०१८ मध्ये आलेली ३२ एमएम एफ १.४ ही कॅननने त्यासाठी काढलेली शेवटची लेन्स. गंमत अशी की ज्या वर्षी एम५० आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅननने आरएफ हा नवा माउंट काढला. म्हणजे एम५० जन्मला त्याच वर्षी घरात धाकटी पाती आली. २०२२ मध्ये आरएफ माउंटचे आर७ आणि आर१० हे लहान सेन्सरवाले कॅमेरे आले तेव्हाच कळायचं ते कळलं, आणि २०२३ मध्ये एमचं दुकान बंद झालं.

"पण काकू, अडॅप्टर लावून जुन्या एमच्या लेन्स नव्यावर चालतील ना?" नाही. अडॅप्टर म्हणजे मधे घातलेली बांगडी. ती अंतर वाढवू शकते, कमी करू शकत नाही. ईएफ-एम लेन्स सेन्सरपासून १८ मिलिमीटरवर बसते, आरएफचं अंतर २० मिलिमीटर. दोन मिलिमीटर आधीच जास्त, त्यात बांगडी कुठे घालणार? उलट जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्सचं अंतर ४४ मिलिमीटर, म्हणून त्या दोन्हीवर ऐसपैस बसतात, आपापला अडॅप्टर घेऊन. माझी ५० एमएम म्हणूनच दोन्ही घरी नांदते. घरात काकांच्या, मामांच्या जुन्या कॅननच्या लेन्स असतील तर आधी त्या कपाटातून काढा, टॉर्च लावून काचेत बुरशी आहे का बघा, आणि मग कॅमेऱ्याचा विचार करा. कोकणातलं घर असेल तर बुरशी असणारच असं धरून चला.

नव्या माउंटवर सुरुवातीला लेन्सचा दुष्काळ होता, म्हणून मीही वर्षभर कुरकुर केली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन या दुसऱ्या लेन्स कंपन्यांना नव्या माउंटसाठी लेन्स काढायची परवानगी मिळाली. सिग्माची १८-५० एफ २.८ आता आर५० वर लागते, आणि तीच मला कार्यांत सगळ्यात उपयोगी वाटते. लांबच्या फोटोंसाठी १००-४०० आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला जाणारे एक निवृत्त गुरुजी विचारत होते. एमच्या लेन्स २०० वरच संपतात. चिंकारा २०० मध्ये म्हणजे माळरानावरचा ठिपका. त्यांना मी नवाच घ्यायला लावला.

एक सावधगिरी. नवा म्हणून आर१०० गळ्यात मारतील. तो आर५० नंतर, २०२३ च्या मेमध्ये आला, म्हणजे तारखेने नवाच. पण आत प्रोसेसर एम५० च्याच पिढीचा, ४के तसंच कापलेलं, स्क्रीन हलत नाही आणि त्याला टचही नाही. जुनं धान्य नव्या पोत्यात. माउंट नवा मिळतो एवढंच. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर उघड्या डोळ्यांनी घ्या.

मग एम५० कुणी घ्यावा? शेजारच्या अकरावीतल्या मुलीला मी तोच घ्यायला सांगितलं. तिला व्हिडिओ नको होता, फोटो शिकायचे होते, आणि हाताशी होते ते दोन वर्षांच्या भाऊबीजेचे आणि दहावीच्या बक्षिसाचे पैसे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे एम५०, किट लेन्स आणि २२ एमएम एफ २ अशी जोडी होती, बिलासकट. त्या २२ साठी मी एखादा दागिना मोडायचाही विचार केला असता. पुरीएवढी चपटी, दिव्याच्या उजेडातही चालणारी, आणि नव्या माउंटवर तिच्या तोडीची एवढी लहान लेन्स अजून आली नाही. २८ एमएम एफ २.८ आहे, चांगली आहे, पण तिला २२ ची सर नाही. मुलीबरोबर मी स्वतः गेले, स्क्रीन चारही बाजूंना फिरवून पाहिला, बॅटरी फुगली नाही ना बघितली, तुळशीपुढच्या पणतीचा फोटो काढला. तिने ती जोडी घेतली. पुढे कधी ती नव्या माउंटवर गेली तर हे सगळं जसंच्या तसं विकून जाईल, एकही लेन्स बरोबर नेता येणार नाही, हेही तिला त्याच दिवशी अंगणात सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा बघू, काकू." सोळाव्या वर्षी हे म्हणता येतं. चाळिशीत लेन्सवर पैसे घालायला निघालेल्या माणसाला मी तसं म्हणू देत नाही.

काही जण शेवटी हळूच विचारतात, मग तुमचा जुना विकायचाय का? नाही. त्याला २२ लावलेली आहे आणि तो फडताळात चहाच्या डब्याशेजारी असतो. पाहुणे अचानक आले की हाताला तोच येतो.