गवा, भाग दुसरा: फोम कापून झाला, आता लेटेक्सचे हात चालू

मंडळी, देखाव्यात पोरानं आत शिरून घालायच्या गव्याचं डोकं उभं राहिलं. मागच्या वेळी नुसते कागदी पॅटर्न होते, आता शिंगं, कपाळ, जबडा, नाकपुड्या सगळं फोममध्ये आलंय आणि नाकाडावर लेटेक्स (पातळ रबर) चढायला लागलंय. यंदा मंडळाचा सजीव देखावा दाजीपूरच्या जंगलावर आहे, आणि कोल्हापुरात गवा दाखवायचा म्हणजे बघणारे लई कडक असतात, कारण तिथलं राधानगरी अभयारण्य १९५८ पासूनचं आणि निम्म्या लोकांनी गवा समोर उभा बघितलेला असतो. काळा बैल करून दिला तर पोरंटोरं पण ओळखतील. दोन शिंगांच्या मधला फुगीर राखाडी भाग, मानेमागून पाठीवर गेलेला उंचवटा, पिवळसर शिंगं त्यांची टोकं काळी, आणि गुडघ्याखाली पांढरे पाय. एवढं बरोबर आलं पाहिजे.

आधी कटिंगबद्दल, कारण फिनिशिंगचं निम्मं काम कटर हातात असतानाच होऊन जातं असं माझं ठाम मत आहे. कडा फाटकी निघाली तर पुढं तुम्ही कितीही फिलर भरा, रंगाखालून ती दिसतेच. जबड्याला आणि कपाळाच्या साच्याला १० मिमी ईव्हीए (शीटमध्ये मिळणारा घट्ट फोम), शिंगांना ६ मिमी, पापण्या आणि बारीक पट्ट्यांना २ मिमी. जमिनीवर टाकायच्या जोडमॅटपेक्षा चप्पल-बुटाचं सामान मिळतं तिथली शीट मला आवडते, एका बाजूला डिझाईन नसतं आणि घट्ट असते, त्यामुळं कड स्वच्छ निघते. पातं उभं धरायचं, एका दमात आरपार जायचं नाही, पहिल्यांदा हलकी रेघ, मग त्याच रेघेतून दुसरा लांब हात, आणि पातं जरा अडकायला लागलं की पुढचा तुकडा मोडून टाकायचा, तिथं कंजूषपणा नको. ईव्हीए पात्याची धार फार लवकर खातो.

शिंगांसाठी थर्मोकोलचं कच्चं शिंग केलं, त्यावर क्लिंग फिल्म गुंडाळली, वरून मास्किंग टेप, टेपवर पेनानं उभ्या रेघा आणि आडव्या खुणा, मग रेघांवरून कापून संत्र्याच्या फाका मोकळ्या कराव्यात तसे तुकडे सपाट केले. आडव्या खुणा विसरू नका, जोडताना कुठला तुकडा कुठं बसतो ते त्याच सांगतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेला आतून तिरका काप द्यायचा. या तिरक्या कापाला मी चप्पल कारागीर वापरतात ती रापी घेतो, आमच्या ओळखीच्या काकांनी ती धरायची कशी ते हातात हात घेऊन शिकवलं, रुंद पातं असल्यानं कोन सगळीकडं सारखा राहतो आणि लांब कडेला कटरपेक्षा भारी काम देते.

जोडायला फेव्हिकॉलचा एसआर ९९८ हा गोंद. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मगच दाबायचं, ओलं असताना दाबलं तर धरत नाही. पण थर्मोकोलला हे लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खाऊन टाकतं. आणि खिडकी उघडी ठेवा, वासानं डोकं धरतं.

पाठीवरचा उंचवटा मात्र सोफ्याच्या स्पंजचा, ३२ डेन्सिटीचा. त्याला तंत्र वेगळं. कात्रीनं स्पंज दाबून कापला की कड आत वळते, म्हणून कटरचं पातं पूर्ण बाहेर काढून करवतीसारखं पुढं-मागं चालवायचं, स्पंज अजिबात दाबायचा नाही. मोठा आकार निघाला की वाकड्या कात्रीनं बारीक बारीक चिमट्या कापत गोलाई आणायची. तापलेल्या तारेनं कापू नका, पॉलीयुरेथेनचा धूर विषारी असतो. उंचवट्यावर लेटेक्स लावणार नाही, काळं ताणणारं कापड चढवणार, नाहीतर स्पंज लेटेक्स पिऊन जड होतो आणि आत घालणाऱ्या पोराचे खांदे जातील.

ईव्हीएचं फिनिशिंग: १२० नंबरच्या सँडिंग ड्रमनं सांधे घासले (मास्क लावूनच, ती भुकटी फार बारीक असते), फटीत ॲक्रिलिक सीलंट ओल्या बोटानं भरलं, मग हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र). हीट गननं पृष्ठभाग किंचित चकाकला की वरची छिद्रं बंद झाली समजायचं, त्यानंतर रंग शोषला जात नाही. शिंगाच्या मुळाशी गोल वळ्या हव्या होत्या तिथं कटरनं अगदी वरवर रेघा मारल्या, उष्णता लागताच त्या आपोआप उघडल्या. आणि फोम गरम असतानाच चुरगाळलेला ॲल्युमिनियम फॉईलचा गोळा त्यावर दाबला की कातडीसारखा पोत येतो, हे बघायला मला अजून तेवढीच मजा येते.

आता लेटेक्स. नाकाड, ओठ, डोळ्याभोवतीचा भाग एवढ्यालाच, कारण तिथंच सुरकुत्या आणि लवचिकता पाहिजे. टिश्यू पेपरचे फाडलेले तुकडे (कापलेले नाही, कापलेल्याची कड दिसते) लेटेक्समध्ये बसवत जायचे आणि ब्रशनं ढकलून सुरकुती करायची. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्यायचा, नाहीतर केसांत रबर बसून तो गेलाच. पांढरं दूध सुकून पिवळसर पारदर्शक झालं की मगच दुसरा हात. आपल्याकडच्या पावसात याला फार वेळ लागतो, हवा दमट, म्हणून पंखा सतत चालू आणि थर एकदम पातळ. जाड थराला वरून साय धरते आणि आत पाणी अडकतं, मग पांढरा डाग राहतोच. घाई असली तर लेटेक्स हातात घेऊ नये. वास येतो तो अमोनियाचा, ते टिकवायला घातलेलं असतं, सुकताना उडून जातं.

रंग लेटेक्समध्येच स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घालून देतोय, काळा आणि थोडा तपकिरी. नुसता ॲक्रिलिक वर मारला तर ओठ हलला की तडकतो. ओलं असताना रंग फिका दिसतो, सुकल्यावर गडद होतो, तेव्हा पट्टीवर सुकवून बघूनच ठरवा. सगळं झालं की टाल्कम पावडर, नाहीतर लेटेक्सला लेटेक्स चिकटलं की सुटत नाही. कोणी देवीचा मुकुट वगैरे करत असाल तर पितळी, तांब्याचे दागिने थेट लेटेक्सवर बसवू नका, तांब्यानं रबर लवकर खराब होतं, मधे कापडाचा थर द्या. आणि घालणाऱ्याला लेटेक्सची ॲलर्जी आहे का ते आधी विचाराच, आतून सुती अस्तर तर पाहिजेच.

राहिलंय ते हवेचं. हॅलोजनखाली पोरगं आत उकडून निघेल, म्हणून नाकपुड्या आरपार पोकळ ठेवल्यात आणि जबड्याखाली जाळी बसवणार आहे. कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवलेला कोणी असेल तर सांगा, आवाज किती येतो आणि बॅटरी कुठं लपवली ते पाहिजे, कारण कपाळाच्या फुगीर भागात जागा आहे पण तिथं वजन वाढलं तर डोकं पुढं झुकतं.