चाव्यांचा डबा

आमच्या फ्रिजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. आत बिस्किटे नाहीत, हे घरी येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला कधी ना कधी कळते आणि त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. आत चाव्या आहेत. परवा मोजल्या तर 19 भरल्या. त्यांतल्या आमच्या दोनच.

मोजायचे कारण लिस्बनचा फोन. दुपारचे दोन, म्हणजे मडगावात माणूस माणसाला उठवत नाही ती वेळ. हे आत घोरत होते, माझाही नुकता डोळा लागला होता. लिस्बनला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि आमची लिस्बनवाली, माझी लहानपणीची मैत्रीण, नेमकी त्याच वेळी कॉफी घेऊन बसते. ‘पावस रावलो जाल्यार जनेलां उगड मगे!’ पाऊस थांबला तर खिडक्या उघड, म्हणे. कशी आहेस, काय आहेस, काही नाही. 40 वर्षांहून जास्त काळ तिकडे राहून बाईला अजून आमच्या दुपारचा हिशेब जमत नाही. की जमतो, आणि मुद्दाम करते, कोण जाणे.

तिचे कुडतरीचे घर बंद आहे. चिऱ्यांचे, मोठ्या बाल्कांवचे, म्हणजे दारापुढच्या ओसरीचे, तिच्या दोन्ही बाजूंना बसायला सोपे, म्हणजे बाके असलेले. महिन्यातून दोनदा जाऊन खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, नळ सोडायचे आणि वाळवी कुठपर्यंत चढली ते बघून यायचे, हे माझे काम. सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात घर बंद ठेवणे म्हणजे लोणच्याची बरणी उघडी ठेवण्यासारखे आहे. कपाटातल्या कोटावर भुरा येतो, भिंतीवरच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, तसबिरीवर येतो, कुलपावरसुद्धा येतो.

विकत का नाहीत, असे गोव्याबाहेरचे लोक विचारतात. इथे 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याची परंपरा. मुलगा-मुलगी भेद नाही, सगळ्यांना सारखा वाटा. ऐकायला किती गोड! पण या घराला 9 वाटेकरी, ते चार देशांत पांगलेले, आणि सह्या हव्यात एकाच कागदावर. त्यामुळे घर नऊजणांचे आणि चावी माझ्याकडे.

निवृत्तीनंतर आमच्या बरोबरीचे लोक बारा दिवसांत सात देश बघून येतात, मग तासभर मोबाईलवरचे फोटो दाखवतात आणि आपण चहा गार होऊ देतो. आम्हाला ते जमले नाही. आम्ही फक्त चाव्यांच्या मालकांकडे जातो. गेलो की तीन-तीन आठवडे हलत नाही. तीन दिवसांनी पाहुणा माणूस घरचा होतो, आठ दिवसांनी त्याला भाजी चिरायला देतात, आणि खरे बोलणे भाजी चिरतानाच होते, असे माझे मत आहे. ह्यांच्या मते, खरे बोलणे दुसऱ्या पेगनंतर. ते असो.

लिस्बनला पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅगेत सोलां, तिरफळां, दोन किलो उकडे तांदूळ आणि ह्यांनी काढलेले भिंतींच्या तड्यांचे फोटो. तिने तांदूळ बाजूला सारले आणि आधी तडे मागितले. खाली तेजू नदीवर सूर्य मावळतोय, सगळे शहर म्हणे हे बघायला गच्च्यांवर चढते, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या मेजावर वाकून ‘हा तडा जुना, हा नवा’ करतोय. माझी लिस्बनची आठवण विचाराल तर ती ही.

हे मात्र फिरले. 28 नंबरच्या ट्रॅममध्ये एकटेच बसून वर गेले आणि तिथल्या दगडी फरसबंदीवरून घसरत खाली आले. 1961 च्या आधी ह्यांची पहिली पोर्तुगीज शाळेत झाली. दुसरीला जाईपर्यंत राज्यच बदलले. तेवढ्या पहिलीच्या भांडवलावर बेकरीत पाव मागून आले आणि दिवसभर त्याच तोऱ्यात होते. एक दिवस मात्र पडेल तोंडाने परतले. चाव्या करून देणाऱ्याचे दुकान दिसले म्हणून हौसेने आत शिरून, शब्द मूळचा पोर्तुगीजच ना, ‘चावी, चावी’ म्हणाले, तर त्याला कळेना. तिथे ‘शाव’ म्हणतात. लिहितात ‘च’ सारखे, म्हणतात ‘श’. लिस्बनवाली म्हणाली, तिचा नवरा उत्तरेकडचा, त्याच्या गावात म्हातारी माणसे अजून ‘च’च म्हणतात, शेकडो वर्षांपूर्वी गलबतांतून आला तो उच्चार तसाच होता. म्हणजे त्यांच्या राजधानीत ‘च’ झिजला आणि आमच्याकडे शाबूत राहिला. ठेवायला दिलेली वस्तू आम्ही सांभाळतो बरे, असे हे सगळ्यांना सांगत सुटले.

इंग्लंडात स्विंडनला ह्यांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातला सोबती, लेकाकडे नात सांभाळायला गेलेला. तिथे गोंयकार इतके की बसथांब्यावर कोकणी बोलताना आवाज खाली आणावा लागतो. बघायला काय आहे विचाराल, तर एक चौक. मधे एक वर्तुळ, भोवती पाच छोटी वर्तुळे, गाड्या दोन्ही दिशांनी फिरतात आणि आपटत नाहीत. 1972 चा. ही दोघे निवृत्त रस्तेवाली माणसे थंडीत तिथे दीड तास उभी. मी लंडन-लंडन करून थकले. टोरांटोकरांनी नायगारा दाखवला. ‘हा पन्नासेक मीटर, आमचा दूधसागर 310,’ एवढेच बोलून ह्यांनी विषय संपवला आणि मग गाडीत सगळा वेळ त्यांच्या आगशीच्या घरामागच्या फणसाबद्दल बोलणे झाले.

कुडतरीच्या घराची चावी वीतभर लांब, लोखंडी. लहानपणी ती लिस्बनवालीच्या शामायच्या, म्हणजे आजीच्या, कमरेला असे. म्हातारी दुपारी आडवी झाली की आम्ही दोघींनी ती काढून घ्यायची, कोठीची खोली उघडायची, पेराद, म्हणजे पेरूची वडी, कापून खायची आणि चावी परत लावून ठेवायची. एकदा खाऊन झाल्यावर हात धुवायला विहिरीवर गेलो आणि चावी गेली आत. आवाज केवढा झाला! निदान आम्हाला तसे वाटले. शेजारच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत राहणारा मुंडकार गळ घेऊन आला. आधी दोन जुन्या बादल्या निघाल्या, एक कासव निघाले, मग चावी. शामाय काही बोलली नाही. चावी पुसली, कोठी उघडली, उरलेली सगळी पेराद आमच्यापुढे ठेवली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. मी नंतर कितीतरी वर्षे पेराद खाल्ली नाही. शिक्षिका म्हणून 31 वर्षांत मला इतकी पक्की शिक्षा कधी देता आली नाही.

तर परवा फोन ठेवून डबा पालथा केला. लोखंडी चावी लगेच सापडली, तिला शोधावे लागत नाही. बाकीच्यांवर मी सुताने चिठ्ठ्या बांधल्या आहेत : कुडतरी, आगशी, बाणावलीचे वरचे दार, बाणावलीचे खालचे दार. लिस्बनच्या फ्लॅटचीही एक आहे. निघताना तिने हातात कोंबली, ‘आसूं दी, परत येतले तेन्ना.’ एका चावीवरची चिठ्ठी उसवून गेलीय. पितळी, छोटी. ह्यांना उठवून विचारले, तर म्हणाले, ‘आपली नव्हे, एवढे नक्की.’ आणि कूस बदलली.

मी कुडतरीला जायला छत्री घेतली, तेवढ्यात समोरची बाय दारात. आम्ही परदेशी गेलो की झाडांना पाणी, मांजराला दूध, सगळे तीच बघते. तिच्या लेकाचे पोर्तुगीज पासपोर्टचे काम कधीचे चालले होते, मग तो स्विंडनला गेला, हे मला ठाऊक होते. आता तिचेही कागद झाले होते.

‘टीचर, पुढच्या म्हयन्यांत वतां,’ म्हणाली आणि पदराची गाठ सोडून दोन चाव्या माझ्या हातात ठेवल्या. एक तिची. दुसरी आमची.