सेमिनार, मोरी आणि दोन अक्षरं

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या सेमिनारचे विषय आम्हाला चिठ्ठ्या टाकून मिळाले. मैत्रिणीला बिबट्या आला, मला घोस्ट शार्क. त्यातही एकच जात, हायड्रोलॅगस ट्रोली. पुण्यात पाणी म्हणजे खडकवासला, आणि मी बोलणार समुद्रात ६०० ते २००० मीटर खोल राहणाऱ्या माशाबद्दल!

नावाने मात्र मजा आणली. हायड्रोलॅगस म्हणजे ग्रीकमध्ये पाण्यातला ससा. ट्रोली हे रे ट्रोल या अमेरिकी चित्रकारावरून; डिडिए आणि सेरे यांनी २००२ मध्ये या जातीचं वर्णन केलं. बाकी हा शार्क नाहीच. शार्क-पाकटांचा चुलत नातेवाईक म्हणा, पण घर वेगळं होऊन चाळीसेक कोटी वर्षं झाली.

नुसतं वाचून काही डोक्यात शिरेना. शेवटी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून एक लहान मोरी, म्हणजे छोटा शार्कच, आणली. "तुकडे करू ना ताई?" "नको मावशी, अख्खीच द्या." आई गावी गेली होती म्हणून हे जमलं. परातीत ठेवून कल्ल्यांच्या फटी मोजल्या, एका बाजूला पाच. घोस्ट शार्कला एकच, तीही झाकलेली. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिश पेपर; त्याची कातडी गुळगुळीत. मोरीचे दात पडतात, मागून नवे येतात. त्याला दातांच्या जागी पट्ट्या असतात, जन्मभर वाढणाऱ्या, आणि वरचा जबडा कवटीला जोडलेला. नराच्या कपाळावर मादीला धरायला एक आकडा असतो, तो काही मोरीवर दाखवता येईना. संध्याकाळी कालवण झालं.

वितरणाची, म्हणजे मासा कुठे कुठे सापडतो ती स्लाइड सगळ्यात सोपी वाटली होती, तिथेच अडकले. नकाशावर न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड निळं केलं. दूरनियंत्रित पाणबुडीच्या कॅमेऱ्यात कॅलिफोर्निया आणि हवाईजवळ तो दिसला होता, म्हणून तेही निळं. आणि मधला समुद्र मोकळा बरा दिसेना, तोही रंगवला.

मॅडमनी नकाशा पाहून विचारलं, "मधल्या समुद्रात कुणी गेलं होतं?"

मग त्यांनी त्या कॅमेऱ्यातल्या नोंदींचा शोधनिबंध उघडायला लावला. नावात हायड्रोलॅगस आणि ट्रोलीच्या मध्ये 'सीएफ' ही दोन अक्षरं होती, मी ती चक्क गाळली होती. अर्थ असा की मासा ट्रोलीसारखा दिसतो, पण खात्री नाही. खात्रीला मासा हातात हवा, मोजमाप हवं, डीएनए हवा. इथे होतं फक्त चित्रीकरण. ती पाणबुडी चालवणारेही भूगर्भशास्त्रज्ञ, मासे शोधायला गेलेच नव्हते. घोस्ट शार्क सहसा मऊ, सपाट तळावर असतात. हे खडकांपाशी दिसले, कारण कॅमेरा खडक बघायला गेला होता. हे कारण माझं हं, निबंधातलं नाही! मासा मात्र येऊन भिंगाला नाक लावून जात होता.

दोन रात्री नकाशा पुन्हा केला. रंग पुसला. नमुने मिळाले तिथे भरीव ठिपके, फक्त दिसला तिथे पोकळ.

सेमिनारला बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्याकडे काय?" ट्रोली नाही, पण निओहॅरिओटा पिनाटा हा लांब नाकाचा भाऊबंद केरळकडच्या अरबी समुद्रात ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला आहे, असं सांगितलं. ते माझ्या स्लाइडवर नव्हतं. फळ्यावर भारताचा किनारा ओढला आणि खडूने एक ठिपका दिला, भरीव.